गंजलेली जपानी तलवार घरात आली तर

नौपाड्यातल्या एका काकांकडे माळ्यावर जपानी तलवार निघाली, आजोबांनी १९४५ला बर्माहून आणलेली, आणि काकांनी उत्साहात मुठीच्या आतला गंज सँडपेपरने घासून चकाचक केला. संपलं! पात्याच्या मुठीत बसणाऱ्या त्या भागाला नाकागो म्हणतात, तिथला काळपट गंजच वय सांगतो आणि कारागिराची सही पण तिथेच असते, त्यामुळे त्याला हात लावायचाच नाही.

आधी मुठीतली बांबूची खुंटी, म्हणजे मेकुगी, हळूच ठोकून काढा आणि नाकागोचे फोटो घ्या. छोटा शिक्का दिसला तर बहुतेक युद्धातली फॅक्टरीची असणार. मग टॉर्च तिरका धरून धार बघा. गंज परवडला, पण धारेला आडवी चीर, हागिरे, असेल तर पैसे घालू नका, ती दुरुस्तच होत नाही.

पात्याला बोट लावायचं नाही, घामाने डाग पडतो. मऊ कापडाने शिलाई मशीनच्या तेलाचा अगदी पातळ हात द्या, ठाण्याच्या पावसाळ्यात तर वरचेवर बघाच. पॉलिश फक्त जपानी पद्धत शिकलेल्याकडून, चाकूवाल्याकडून अजिबात नको. आणि हो, विकत घ्यायच्या आधी लायसन्सचं पोलिस स्टेशनला विचारा, नऊ इंचांपेक्षा लांब पातं आर्म्स ॲक्टमध्ये अडकू शकतं.