ग्रेट बॅरियर रीफला एक दिवस जाताय? मग तासभर कोरल मोजा

ऑस्ट्रेलियात केर्न्स किंवा पोर्ट डग्लसहून सकाळी बोटीने रीफला जायचं आणि संध्याकाळी परत यायचं ही ट्रिप आपल्यातले बरेच जण करतात, तर त्या दिवसातला एक तास तिथल्या कोरलच्या (म्हणजे प्रवाळांच्या) रंगाच्या नोंदी करायला ठेवा ही माझी मनापासून विनंती. रीफ २३०० किलोमीटर लांब आहे हो, संशोधक तरी कुठे कुठे पुरणार!

यासाठी डायव्हर असायची गरज नाही, मालवणला स्नॉर्कलिंग जमलं असेल तर हेही जमेल. क्वीन्सलंड युनिव्हर्सिटीचा अशाच नोंदी जमवणारा कोरलवॉच नावाचा प्रोजेक्ट २००२ पासून चालू आहे, त्यांचा प्लॅस्टिकचा रंगांचा चार्ट जायच्या आधीच मागवून ठेवा (घरच्या प्रिंटरवर छापू नका, रंग बदलला की सगळी मोजणी चुकली). सोबत पाण्यात चालणारी पाटी आणि शिसपेन्सिल. नोव्हेंबर ते मे जेलीफिशचा सीझन, तेव्हा अंगभर सूट घालायचाच. बोट लागत असेल तर गोळी बोटीत चढायच्या आधी घ्या, नंतर काही उपयोग नाही.

आता रंगच का बघायचा? कोरलच्या अंगात बारीक शेवाळ राहतं, कोरलला रंग आणि बरंचसं अन्न त्याच्याकडूनच मिळतं, पाणी जास्त दिवस तापलेलं राहिलं की कोरल ते बाहेर टाकतं आणि फिकं पडत जातं. पांढरं पडलं म्हणजे लगेच मेलं असं नाही, पाणी वेळेत निवलं तर सावरतंही. म्हणून आज किती फिकं आहे याला एवढी किंमत.

चार्टवर बी, सी, डी, ई अशा चार रंगछटा आणि प्रत्येकीत १ ते ६ आकडे, १ सगळ्यात फिका. कोरलच्या बाजूला चार्ट धरायचा, हात लावायचा नाही, आधी सगळ्यात फिकी जागा जुळवायची मग सगळ्यात गडद. माझं पहिलंच कोरल घमेल्याएवढं गोल होतं, वर उन्हाच्या बाजूला डी २ आणि खाली बुडाशी चक्क डी ५, नुसत्या नजरेला सगळं एकच तपकिरी वाटलं असतं! मग प्रकार लिहायचा: फांद्यांचं, गोल, ताटासारखं की मऊ. फांद्यांची टोकं मात्र सोडा, ती मुळातच पांढरी असतात. शेवाळाची लव चढलेलं मेलेलं कोरलही मोजायचं नाही.

सगळ्यात जास्त चूक होते ती निवडताना, आपण सुंदर तेवढीच निवडतो नाहीतर मुद्दाम पांढरी शोधत बसतो. त्यापेक्षा पाच वेळा फिन्स (पायातली पोहायची वल्ही) मारायचे आणि खाली जे येईल ते मोजायचं, अशी निदान २० तरी करा. दोघं असाल तर एकाने चार्ट धरा, दुसऱ्याने लिहा, आणि दमलात तर तरंगत राहा पण कोरलवर पाय टेकू नका, फिन्सचा एक फटका बसला तरी फांदी मोडते आणि ती वाढायला वर्षं जातात.

काटेरी स्टारफिश (तो कोरल खातो) किंवा वेगळं काही दिसलं तर फोटो काढून आय ऑन द रीफ अ‍ॅपवर टाका, ते तिथल्या मरीन पार्कवाल्यांचं आहे. कोरलचे आकडे कोरलवॉचच्या अ‍ॅपवर त्याच रात्री भरा, आणि बोटीवरून उतरायच्या आधी क्रूला रीफचं नेमकं नाव विचारून पाटीवर लिहून घ्या, हमखास राहतं ते.