नाल्याकाठचा देवनळ क्लॅरिनेटच्या रीडसाठी कापायचा असेल तर आत्ताच कापा

पौष-माघाची थंडी पडून राहिली तोवर हे काम उरकून घ्या भाऊ, एकदा फाल्गुन लागला आणि नवे कोंब फुटायला लागले की खोडात रस चढतो, मग तो माल वाळवताना चिरतो नाहीतर काळा पडतो. क्लॅरिनेट, सॅक्सोफोनची रीड, म्हणजे तोंडाशी बसवलेली, फुंकली की थरथरून आवाज काढणारी पातळ पट्टी, ह्याच देवनळाची. देवनळ म्हणजे बांबूसारखं उंच गवत, शास्त्रीय नाव अरुंडो डोनॅक्स. फ्रान्सच्या दक्षिणेला वार म्हणून भाग आहे, तिथला माल जगभर नावाजलेला आणि तिथंपण तोडणी हिवाळ्यातच.

पहिल्या वर्षाचं खोड सोडून द्या. ओळखायचं कसं, तर पहिल्या वर्षी खोड सरळसोट असतं, दुसऱ्या वर्षी पेरांच्या गाठीतून बाजूच्या फांद्या फुटतात, तेच आपल्याला पाहिजे. जाडी बाहेरून साधारण एक इंच, आणि भिंत निदान तीन मिलीमीटर भरली पाहिजे कारण नळी उभी चार भागात चिरून त्यातूनच रीड तासतात, पातळ भिंतीचं काही होत नाही. ओबो म्हणून दुसरं फुंकायचं वाद्य आहे, त्याच्या रीडला मात्र दहा-अकरा मिलीमीटरची बारीक नळी लागते, म्हणून बारीक खोडं लगेच चुलीत घालू नका.

पानं सोलून खोडं उभी ठेवा, वारा खेळेल अशा शेडमध्ये, जमिनीपासून वर. आपल्याकडे जानेवारी-फेब्रुवारीत अवकाळी कधी येईल भरवसा नाही, एकदा भिजलं की बुरशी धरते. वर्षभर तरी असंच राहू द्या, मग नळ्या पाडून काही आठवडे उन्हात फिरवत ठेवायच्या, सोनेरी रंग तेव्हा येतो. घाई करणाऱ्याला आपलं कापसाचं पीकच बरं.

आणि एक, हे बघून कोणी शेतात मुद्दाम लावू नका बरं. बी धरत नाही पण गड्ड्यावरून असा पसरतो की कॅलिफोर्नियात नद्यांच्या नद्या ह्याने भरल्यात, काढता काढता नाकी नऊ आले. छाटलेले तुकडे पाटचारीत, नाल्यात टाकले तर गाठीला मूळ फुटून खालच्या माणसाच्या बांधावर उभं राहतं, भांडण वेगळंच. जे आहे तेवढंच कापा, उरलेलं वाळवून जाळा.

विकायचं पुढे बघू, आधी पाच-दहा नळ्या गावच्या बँडमधल्या क्लॅरिनेटवाल्याला द्या, बँजो पार्ट्या आल्या तरी लगीनसराईत त्याला रीड लागतेच, वाजवून तोच सांगेल माल कडक की मऊ.