पेंढा, झावळ्या आणि गोबर गॅस : या चुका टाळा

कुळागरात, म्हणजे पोफळी-माडांच्या बागेत, किती झावळ्या पडतात, हे गोव्यातल्या फोंडा-सत्तरीकडच्या माणसाला सांगायला नको. आमची गुरं कमी झाली, शेण पुरेना, म्हणून एका उन्हाळ्यात मी पोफळीच्या झावळ्या कोयत्याने तोडून थेट गोबर गॅसच्या टाकीत सोडल्या. महिन्याभरात वर जाड थर धरला, गॅस त्याखाली अडकला, शेगडी मिणमिणू लागली. असा थर धरला तर तो बाहेरूनच लांब काठीने फोडा. टाकीत माणूस उतरवू नका, आतला वायू जीव घेतो.

चूक झाली ती टाकायच्या आधीच. गॅस बनतो सेल्युलोजपासून, म्हणजे झाडाच्या तंतूंपासून, आणि झावळीत त्याला लिग्निनने, म्हणजे लाकडाला कडक करणाऱ्या पदार्थाने, घट्ट आवळलेलं असतं. हवेविना जगणारे जिवाणू लिग्निन जवळजवळ फोडूच शकत नाहीत. ते सैल करायचं काम बाहेर व्हायला हवं.

सगळा कचरा सारखा मानू नका. आंब्या-काजूच्या फांद्या, करवंट्या आणि नारळाची सोडणं घरच्या टाकीसाठी नाहीतच. ती चुलीला किंवा माडाच्या आळ्यात घाला. काजूबियांची टरफलं तर अजिबात नकोत. त्यांच्या तेलातलं अ‍ॅनाकार्डिक आम्ल जिवाणूंना मारक आहे. गुरांच्या पोटातला मिथेन (गोबर गॅसमध्ये जळतो तोच वायू) कमी करण्यासाठी या तेलाचे प्रयोग झालेत, यावरून काय ते समजा. उरतो भाताचा पेंढा आणि झावळ्यांची पाती. मधला जाड दांडा काढून टाका आणि पाती कुट्टी यंत्रातून 1-2 सेंटीमीटर कापा.

मग लिग्निन सैल करायला चुना. 10 किलो सुक्या पेंढ्याला साधारण 800 ग्रॅम विरलेला चुना पाण्यात कालवून पेंढा त्यात 3 दिवस भिजवा. इथे लोक दोन गोष्टी चुकतात. पिंप उघडं ठेवलं, तर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून चुन्याची खडू होते आणि जोर जातो, म्हणून झाकण हवंच. दुसरं म्हणजे, त्याच पिंपात गोमूत्र किंवा युरिया ओतणं. चुन्याने अमोनिया उडून जातो, आणि नेमका तोच नत्र आपल्याला हवा असतो. पेंढ्यात कार्बन-नत्राचं प्रमाण सुमारे 70:1 असतं, टाकीला 20 ते 30:1 मानवतं. ती तूट शेणाने भरा, गोमूत्र मागाहून, कालवायच्या कुंडीत घाला. कॉस्टिक सोडा जास्त लवकर काम करतो हे खरं, पण त्यातलं सोडियम जिवाणूंना बाधतं आणि स्लरीतून, म्हणजे टाकीतून बाहेर पडणाऱ्या पातळ खतातून, शेवटी आपल्याच जमिनीत उतरतं. मी तो वापरत नाही.

भिजवलेला पेंढा एकदम ओतू नका. पहिल्या आठवड्यात शेणाच्या जोडीला थोडाच द्या, मग हळूहळू वाढवा.

ज्योत पेटून विझते, स्लरीला आंबूस वास येतो? मग आत आम्ल साठलंय. हंगामात काजूबोंडांचा चोथा जास्त पडला तरी हेच होतं. सगळा पाला बंद करून काही दिवस फक्त थोडा-थोडा ताजा शेणकाला द्या. लिटमसपेक्षा आकडा दाखवणारी पीएच पट्टी घ्या, 6.8 ते 7.5 च्या दरम्यान आला की पुन्हा सुरू करा.

धिंगरी अळिंबी (ऑयस्टर मशरूम) करणारा कोणी ओळखीचा असेल, तर पीक काढून झालेला पेंढा मागून आणा. त्या बुरशीने लिग्निन आधीच सैल केलेलं असतं, चुनाही लागत नाही.