जुन्या मोटारसायकलचे ड्रम ब्रेक: नट आवळण्याआधी ड्रम उघडा

१९८५ साली आलेल्या हिरो होंडा सीडी १०० आणि यामाहा आरएक्स १००, किंवा १९९४ची स्प्लेंडर, या गाड्या अजूनही गावोगावी रोजच्या वापरात दिसतात आणि त्यांच्या दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक असतात, म्हणजे चाकाच्या मध्यावरच्या पोकळ ड्रमला आतून दाबणारे लायनर (घर्षणपट्टी लावलेले दोन अर्धगोल तुकडे). एप्रिल २०१९ पासून नव्या दुचाकींना एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा), किंवा १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना निदान सीबीएस (एक ब्रेक दाबला तरी दोन्ही चाकांना ब्रेक लावणारी यंत्रणा), बंधनकारक झाले. या जुन्या गाड्यांत तसली कोणतीही मदत नाही, त्यामुळे पुढचा आणि मागचा ब्रेक आपापल्या बळावरच गाडी थांबवतो. ब्रेक कमी लागतो असे वाटले की आपण चाकाजवळचा ब्रेकचा नट दोन आटे आवळतो आणि काम झाले असे समजतो. त्याने ढिलाई जाते हे खरे, पण ड्रममधला चिखल, गंज आणि कोरडा पडलेला कॅम (फिरून लायनर ड्रमवर दाबणारा दांडा) तसाच राहतो. म्हणून वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळा सरल्यावर दसऱ्याला गाडी धुण्याच्या सुमारास, दोन्ही ड्रम उघडावेत असे माझे मत आहे.

उघडण्याआधी एक गोष्ट बाहेरूनच पाहून घ्यावी. बऱ्याच गाड्यांत ब्रेक आर्मच्या (कॅम फिरवणाऱ्या बाहेरच्या पट्टीच्या) मुळाशी एक छोटा बाण आणि ब्रेक प्लेटवर (ड्रमच्या झाकणावर) एक खूण असते. ब्रेक पूर्ण दाबल्यावर बाण त्या खुणेला जाऊन भिडत असेल, तर लायनर संपले आहेत आणि नट कितीही आवळला तरी उपयोग नाही.

पुढच्या चाकासाठी गाडी सपाट जागेवर मेन स्टँडला लावून इंजिनखाली लाकडाचा ठोकळा द्यावा, म्हणजे चाक काढल्यावर गाडी पुढे झुकणार नाही. ब्रेक केबल आणि स्पीडोमीटरची केबल सोडवावी, ॲक्सलचा नट काढून ॲक्सल बाहेर ओढावा आणि चाक खाली उतरवावे. ब्रेक प्लेट हाताने उचलली की लायनरसकट बाहेर येते. आतली काळी भुकटी फुंकरीने किंवा हवेच्या नळीने कधीही उडवू नये, कारण जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते आणि ती धूळ फुप्फुसांना घातक आहे. तोंडाला मास्क बांधून ओल्या फडक्याने ती टिपून घ्यावी आणि ते फडके पिशवीत बांधून टाकून द्यावे.

दोन्ही लायनर मधोमध उचलून पुस्तक मिटल्यासारखे आत दुमडले, की स्प्रिंगांसह सुटे होतात. लायनरच्या घर्षणपट्टीची जाडी सर्वांत पातळ जागी २ मिलिमीटरच्या आसपास आली असेल, तर जोड बदलावा. एकच लायनर बदलणे ही खोटी काटकसर आहे. पट्टीवर काचेसारखी चकाकी आली असेल, तर शंभर नंबरच्या पॉलिश पेपरने ती हलकेच घासून घालवावी. मात्र पट्टीत ग्रीस किंवा तेल मुरले असेल, तर धुऊन वा घासून ती पूर्ववत होत नाही. नवा जोड घ्यावा आणि ते तेल कोणत्या सीलमधून आले, याचाही शोध घ्यावा. ड्रमची आतली बाजू ब्रेक क्लीनरने, नसल्यास साबणाच्या पाण्याने, पुसून कोरडी करावी. रॉकेल वापरू नये, कारण त्याचा तेलकट थर मागे राहतो. ड्रमवर कमाल व्यास कोरलेला असतो, सहसा मूळ मापापेक्षा १ मिलिमीटर जास्त. त्यापुढे झिजलेला ड्रम टाकून द्यावा.

आता कॅम. माझ्या गाडीचा मागचा ब्रेक पावसाळ्यात चिकटत असे. पॅडल सोडले तरी चाक जड फिरे. लायनर दोनदा बदलून झाले, तरी फरक पडला नाही. शेवटी कॅम काढायला गेलो तर तो हाताने फिरेना, आणि बाहेर आल्यावर त्याच्या दांड्यावर लाल गंज आणि मेणासारखे घट्ट झालेले काळे ग्रीस होते. कॅम काढण्याआधी आर्म आणि कॅम यांच्यावर समोरासमोर खूण करावी, नाहीतर परत बसवताना आर्म एखाद्या दाताने चुकतो आणि बाणाची खूणही खोटी ठरते. दांडा बारीक पॉलिश पेपरने चकचकीत करून उष्णता सोसणारे ग्रीस अगदी पातळ लावावे, आणि लायनर जिथे टेकतात त्या कॅमच्या तोंडाला व समोरच्या टोकाच्या पिनेला ग्रीसचे बोट नुसते फिरवावे. जास्तीचे ग्रीस गरम झाले की थेट लायनरवर उतरते.

चाक बसवताना ब्रेक प्लेटची खाच फोर्कवरच्या गाठीत नीट अडकलीच पाहिजे. ती चुकली तर ब्रेक दाबल्यावर प्लेटच चाकाबरोबर फिरते आणि चाक जाम होऊ शकते. मागच्या बाजूला हेच काम टॉर्क रॉड करतो. त्याचा नट आवळून तो सुटू न देणारी कॉटर पिन नवी घालावी. ॲक्सलचा नट पूर्ण आवळण्याआधी ब्रेक दाबून धरावा, म्हणजे लायनर ड्रमच्या मध्यावर बसतात. केबलच्या एक-दोन तारा जरी तुटलेल्या दिसल्या, तरी ती बदलावी.

नटाला हात लावायचा तो आता. पुढच्या लिव्हरच्या टोकाला १० ते २० मिलिमीटर, मागच्या पॅडलला २० ते ३० मिलिमीटर मोकळी चाल ठेवावी. चाक हाताने फिरवून ते अडखळत नाही ना, हे पाहावे आणि मागचा ब्रेकचा दिवा वेळेवर लागतो का, हेही तपासावे. नवे लायनर असतील तर पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोरात ब्रेक मारणे टाळावे. पहिल्या दिवसाच्या फेरफटक्यानंतर दोन्ही नट आणि मोकळी चाल पुन्हा एकदा मोजावी, कारण लायनर ड्रमला बसत जातात तसतशी ती बदलते.