विहिरीचं पाणी कोऱ्या चहासारखं दिसायला लागलं तर

खालच्या वस्तीवरचे तात्या गेल्या उन्हाळ्यात सकाळी सकाळी आले, प्लास्टिकची बाटली ओट्यावर ठेवली आणि म्हणाले, "अण्णा, तुम्ही फॅक्टरीत होतात ना? मग सांगा हे काय आहे." आत कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी. त्यांच्या विहिरीतलं. मी 27 वर्षं एका डिस्टिलरीच्या, म्हणजे दारूचं स्पिरिट काढणाऱ्या कारखान्याच्या लॅबमध्ये काढली, त्यामुळे झाकण उघडायच्या आधीच मनात एक नाव आलं: स्पेंटवॉश, म्हणजे डिस्टिलरीचं सांडपाणी. पण नुसत्या ओळखीवर कुठलं ऑफिस हलत नाही. तात्यांना जे करायला लावलं तेच इथे लिहितो.

आधी त्यामागचं गणित. आपल्याकडची बहुतेक स्वस्त व्हिस्की धान्याची नसतेच, उसाच्या मळीपासून काढलेल्या स्पिरिटची असते. म्हणून युरोपात ती व्हिस्की या नावाने विकता येत नाही. एक लिटर स्पिरिट काढलं की मागे 8 ते 15 लिटर स्पेंटवॉश उरतो. गावात त्यालाच मळीचं पाणी म्हणतात. स्पिरिट वेगळं करणाऱ्या कॉलममधून येतो तेव्हा कढत, आंबट आणि काळपट तपकिरी असतो. त्याच्या एका लिटरमध्ये एका माणसाच्या दिवसभराच्या सांडपाण्याइतका सेंद्रिय भार असतो. दिवसाला 60 हजार लिटर स्पिरिट काढणाऱ्या कारखान्यात सहा-सात लाख लिटर स्पेंटवॉश तयार होतो. आता माणसं मोजा. तो ओढ्यात गेला की पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागतात. जमिनीत मुरला तर आपल्या काळ्या पाषाणाच्या भेगांतून कुठल्या विहिरीत निघेल, सांगता येत नाही.

आता पांढरी वाटी घ्या. त्यात पाणी भरून रात्रभर झाकून ठेवा. सकाळी तळाला गंजासारखा गाळ बसला आणि वरचं पाणी निवळलं, तर बहुधा लोह आहे; डिस्टिलरीला शिव्या घालू नका. रंग तसाच राहिला तर संशयाला जागा आहे. स्पेंटवॉशचा रंग विरघळलेला असतो, तो खाली बसत नाही. कारखान्याच्या बायोगॅस प्लँटमधून गेल्यावर त्याचा भार बराच उतरतो, रंग मात्र हटत नाही. तात्यांच्या वाटीत सकाळीही चहाच होता.

पुढचं काम कंटाळवाणं आहे आणि तेच सगळ्यात मोलाचं. साधा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) आणा, वही करा, दर सोमवारी आकडा लिहा. एकट्या आपल्या विहिरीचा नको. कारखान्याच्या वरच्या अंगाची एक विहीरही धरा. उन्हाळ्यात सगळ्यांचेच क्षार वाढतात, त्यामुळे एकाच विहिरीचा आकडा काहीच सिद्ध करत नाही. दोन्हींतलं अंतर वाढत गेलं तर ते बोलतं. पहिल्या मोठ्या पावसानंतरचा आकडा चुकवू नका. पावसाने पाणी पातळ व्हायला हवं. ते उलट दाट झालं तर कारखान्याच्या कंपोस्ट यार्डकडे (तिथे स्पेंटवॉश मिसळून खत करतात) किंवा लगूनकडे, म्हणजे स्पेंटवॉशच्या साठवण तळ्याकडे बघा. अशाच एका रात्री लगूनच्या काठावरून पाणी जाताना मी पाहिलंय आणि सकाळी रजिस्टरवर 'नॉर्मल' अशी सहीही केलीय. म्हणून सांगतो, कारखान्याच्या वहीवर विसंबू नका, आपली ठेवा.

नमुना घेताना मोटर दहा-पंधरा मिनिटं चालवा, बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, काठोकाठ भरा, बर्फात ठेवून 24 तासांच्या आत लॅबला पोचवा. भूजल सर्वेक्षण यंत्रणेची लॅब जिल्ह्याला असते. पीएच, टीडीएस आणि क्लोराइड तर सांगाच, शिवाय पोटॅशियम आणि सीओडी (पाण्यातला सेंद्रिय भार दाखवणारा आकडा) मुद्दाम मागा. तिथे होत नसतील तर खासगी लॅब गाठा. मळीत पोटॅश भरपूर असतं, साध्या विहिरीत अगदी थोडं. शेतात पोटॅश खत टाकलं असेल तर तेही लिहून द्या, लपवलंत तर समोरचा वकील काढेलच. पिण्याच्या पाण्याला टीडीएस लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत चांगला, दुसरा स्रोत नसेल तर 2,000 पर्यंत चालवून घेतात. रंगीत पाणी आकडा बसला तरी पिऊ नका.

तुमचा रिपोर्ट कोर्टात फार टिकत नाही. 1974 च्या जल कायद्याप्रमाणे कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याने रीतसर घ्यावा लागतो. तुमचा रिपोर्ट त्याला बोलावण्यासाठी. मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयात अर्ज द्या, गट नंबर टाका, दोन्ही विहिरींचे आकडे जोडा, आणि शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. सोबत दहा रुपयांच्या माहिती अधिकार अर्जाने कारखान्याला मंडळाने दिलेलं संमतीपत्र मागा. त्यात शून्य विसर्गाची, म्हणजे सांडपाणी बाहेर न सोडण्याची अट बहुधा असतेच; मग चर्चा तुमच्या तक्रारीची राहत नाही, त्यांच्या अटीची होते. नुकसानभरपाईसाठी पुण्याच्या हरित लवादाकडे जाता येतं, पण नुकसान पहिल्यांदा झाल्यापासून पाच वर्षांच्या आत.

खरी अडचण कागदाची नाहीच. तात्यांचा ऊस तिथेच जातो आणि धाकटा मुलगा तिथल्याच बॉयलरवर आहे. एकट्याच्या नावाने अर्ज गेला की तोड मागे पडते, हे सगळं गाव जाणतं. म्हणून अर्ज ग्रामसभेच्या ठरावाने, दहा-बारा विहिरींचा एकत्र द्या. आमचा तसाच गेला.

कुणी मळीच्या पाण्याचा टँकर फुकट शेतात सोडतो म्हणाला तर नको म्हणा. पहिल्या वर्षी पोटॅशमुळे ऊस काळाभोर दिसतो, मग शेजारी पण मागायला लागतात, आणि चार वर्षांत बांधावर पांढरं फुटतं.

आणि डिस्टिलरी अजून यायची असेल तर तुम्ही नशीबवान. जनसुनावणीची जाहिरात 30 दिवस आधी पेपरात येते. तेवढ्यात पाच-सहा विहिरींचं पाणी तपासून रिपोर्ट सुनावणीत हातोहात द्या आणि इतिवृत्तात नोंदवून घ्या. पाणी नितळ असतानाचा तो कागद तात्यांकडे नव्हता.

बाटलीवरची चिठ्ठी बॉलपेनने लिहा. जेलपेनची शाई बर्फाच्या पाण्यात उतरते. आमचा पहिला नमुना त्यापायीच परत आला.