मत्स्यबीजाच्या पिशवीतला बेडूक कसा ओळखायचा

माझं माहेर कोकणातलं. पहिल्या पावसात खाचरांतून पिवळेधमक बेडूक डरांव डरांव करायला लागले की तिथे बरं वाटायचं. लग्न होऊन दक्षिण अंदमानात आले, आणि काही वर्षांनी तोच बेडूक, इंडियन बुलफ्रॉग, आमच्या तळ्याकाठी दिसला. पोटात गोळाच आला, कारण तो इथला नव्हे. मेनलँडहून येणाऱ्या मत्स्यबीजात, म्हणजे तळ्यात सोडायच्या माशांच्या पिल्लांत, त्याची पिल्लं मिसळून येतात. आमच्याकडेही तशीच आली असणार. मी संध्याकाळच्या घाईत पिशवी थेट तळ्यात ओतली होती.

आता असं करते. बंद पिशवी तळ्यात तरंगत ठेवायची, म्हणजे आतलं पाणी तळ्याइतकं गार-गरम होतं. उघडायची मात्र काठावर, पांढऱ्या टबात, आणि दिवसाउजेडी. थोडं थोडं तळ्याचं पाणी घालत वरून नीट बघायचं. रोहू-कटल्याचं पिल्लू सडपातळ असतं. टॅडपोल म्हणजे बेडकाचं पाण्यातलं पिल्लू; त्याचं डोकं आणि पोट मिळून एकच गोळा, मागे शेपूट. कल्ल्यामागचे पर नसतात. शंका आली की चहाच्या गाळणीने उचलून बशीत घ्या. मागचे पाय फुटलेले दिसले तर प्रश्नच मिटला.

निवडलेले टॅडपोल दुसऱ्या डबक्यात कधीच सोडू नका. झाकणाच्या बाटलीत ठेवून वनखात्याला दाखवा. टबातलं पाणी कपड्याने गाळून कोरड्या जमिनीवर ओता, ओढ्यात नको.

इतकी काळजी घ्यायचं कारण म्हणजे ही पिल्लंच शिकारी असतात. नित्या प्रकाश मोहंती आणि जॉन मीझी यांचा प्रयोग 2019 साली प्रसिद्ध झाला. त्यात बुलफ्रॉगच्या पिल्लांबरोबर ठेवलेली कालुला घोषी आणि मायक्रोहायला चक्रपाणी या इथल्या बेडकांची पिल्लं एकही वाचली नाहीत. हे दोन्ही बेडूक अंदमानाबाहेर कुठे नाहीत! मोठा बुलफ्रॉग तर 16 सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि कोंबडीचं पिल्लूही गिळतो. म्हणून खुराड्याला जमिनीपासून बारीक जाळी मारून घ्या.

पावसाच्या सुरुवातीला रात्री काठावर कान द्या. नर लिंबासारखे पिवळे होतात, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे फुगवून ओरडतात. दिसले की लगेच वनखात्याला कळवा, पकडून दुसरीकडे सोडू नका.

शेजारीण जाळं मागायला आली की मी ते आधी झटकून उन्हात कडकडीत वाळवते, मगच तिच्या हातात देते.