चॅटबॉट चुकतो तेव्हाची सोय आधी करा

चॅटबॉटला माणसाचं नाव आणि हसरा चेहरा दिला, की ग्राहक त्याच्याकडून माणसाइतक्याच समजुतीची अपेक्षा धरतो. मग काम अडलं की राग दुप्पट. चिडून आलेला ग्राहक माणसासारख्या बॉटवर जास्तच नाराज होतो, असं २०२२ साली ‘जर्नल ऑफ मार्केटिंग’मधल्या संशोधनात आढळलं. त्यामुळे साध्या चौकशीला नाव-चेहरा राहू द्या. तक्रार आणि परताव्याच्या संभाषणातून मात्र काढा.

पहिल्याच संदेशात हा बॉट आहे, त्याला काय जमतं आणि माणसाशी कसं बोलता येईल, एवढं सांगा. ‘मी कशातही मदत करू शकतो’ हे वाक्य खोडाच.

प्रश्न समजला नाही तर एकदाच, नेमकं विचारा: ‘पैसे परत हवेत की दुसरी वस्तू?’ ‘कृपया पुन्हा सांगा’ म्हटलं की चूक ग्राहकाच्या माथी जाते. दुसऱ्यांदा अडलं की थेट माणसाकडे जोडा. सोबत ऑर्डर क्रमांक, ग्राहकाच्याच शब्दांत तक्रार आणि आतापर्यंत काय करून पाहिलं, हे त्या कर्मचाऱ्याच्या स्क्रीनवर आधीच पोचलं पाहिजे. सगळं पहिल्यापासून सांगायला लावणं ही दुसरी चूक, आणि बऱ्याचदा पहिलीपेक्षा तीच जास्त झोंबते.

माफीचं बघा. ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ यात काय चुकलं तेच नाही. त्याऐवजी: ‘पार्सल मंगळवारी यायचं होतं, आलं नाही. चूक आमची. नवीन पार्सल आज पाठवतोय. नको असेल तर “परतावा” असं लिहा.’ अर्थात पार्सल पाठवायचा अधिकार बॉटला असेल तरच. ‘मला खूप वाईट वाटतंय’ नको. बॉटच्या तोंडी ते कुणालाच खरं वाटत नाही.

नियम आणि रकमा बॉटने मनाने सांगू नयेत, चालू धोरणातूनच उचलाव्यात. एअर कॅनडा या विमान कंपनीच्या बॉटने नातेवाइकाच्या निधनानंतरच्या सवलतीची चुकीची माहिती दिली. बॉट आपल्या बोलण्याला स्वतःच जबाबदार, हा कंपनीचा बचाव कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या न्यायाधिकरणाने २०२४ मध्ये फेटाळला आणि प्रवाशाला भरपाई द्यायला लावली.

चाचणी घेताना रागावलेली, अर्धवट, चुकीच्या स्पेलिंगची वाक्यं टाका. ‘माणूस द्या’ कसंही लिहिलं तरी बॉटला कळलं पाहिजे. ‘बॉटने सोडवलेल्या तक्रारी’ या आकड्यावर विसंबू नका. वैतागून खिडकी बंद केलेला ग्राहकही त्यातच मोजला जातो. तोच ग्राहक ७ दिवसांत त्याच कामासाठी फोन किंवा मेल करतो का, ते तपासा.